मदत हवी आहे: चाकाचा व्यास ९२० मिमी, तरी भंगारात?

वास्को_फिटर: वेर्ण्याच्या शेडमध्ये रेल्वे मालगाडीच्या वॅगनचे जुने व्हीलसेट (ॲक्सल नि त्यावरची दोन चाकं) छाननीला आलेत. कंडेम माप, म्हणजे ज्याच्याखाली चाक बाद, ते ९०६ मिमी; आमची चाकं ९२० भरतात. तरी तपासणारा बाद म्हणून खडूने फुल्या मारून गेला. उद्या भंगाराचा लॉट लावायचाय, लवकर सांगा.

कुळेंकार: वॅगन कुठलं ते आधी लिही. ९०६ म्हणजे बॉक्सएन (उघडं मालवॅगन) धरतो. बीएलसीचं (कंटेनरच्या वॅगनचं) नवं चाकच ८४० चं. फ्लँज (चाकाची रुळाच्या आत उतरणारी कड) किती जाड? माप टर्निंगच्या (लेथवर चाक तासण्याच्या) आधीचं की नंतरचं?

वास्को_फिटर: बॉक्सएनच रे. टर्निंग व्हायचंय. फ्लँज १९, म्हणजे १६ च्या वर. त्याचा काय संबंध?

कुळेंकार: तिथेच तर गोम आहे. ९०६ नि १६ या धावत्या गाडीच्या हद्दी. वर्कशॉपमधून निघताना चाक निदान ९१९ लागतं. टर्निंगला सगळ्यात हलकं प्रोफाइल (तासून द्यायचा आकार), म्हणजे २० मिमी फ्लँजचं, घेतलंस तरी फ्लँज १ मिमी वाढवायला व्यासातले चार-पाच मिमी जातात. उरले ९१५-९१६, म्हणजे ९१९ च्या खाली. जोडीचं चाकही तेवढंच उतरवावं लागणार, एका ॲक्सलवर फरक ०.५ मिमीच्या आत हवा.

कुंडई_वेल्डर: एवढी कटकट कशाला? फ्लँजवर वेल्डिंग भरा नि टर्न करा. क्रेनच्या चाकांना सर्रास करतात.

सावर्डेकर: क्रेन ताशी शंभराने धावत नाही, बाबा! या चाकात कार्बन भरपूर. वेल्डिंगच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं नि तिथूनच तडा जातो. वॅगनं कॅसलरॉक-कुळे घाटातली असतील तर थर्मल क्रॅकही (तापून पडलेले तडे) बघा. १ इन ३७ चा (३७ मीटरला १ मीटर) उतार, ब्रेक ब्लॉक सतत घासून ट्रेड (चाकाचा रुळावर टेकणारा भाग) तापतो. आधी वायर ब्रशने गंज काढा, नाहीतर बारीक आडवी चीर दिसायची नाही.



वास्को_फिटर: आता अख्खे सेट भंगारात टाकू का?

कुळेंकार: मुळीच नको. फुली चाकावर आहे, ॲक्सलवर नाही. आधी सीटीआरबी (ॲक्सलच्या टोकाचं रोलर बेअरिंग) उतरव, जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या भागावर) गंज-ओरखडे बघ. चाकं प्रेसवर काढ. गॅस कटरने कापायला गेलास तर ॲक्सलही हातचा जाईल. मग ॲक्सलची अल्ट्रासॉनिक तपासणी, आतले तडे शोधायला. त्यात पास झाला तर ॲक्सल रिकंडिशनिंगला (पुन्हा वापरण्याजोगा करायला), चाकं तेवढी भंगारात.

कुंडई_वेल्डर: त्या चाकांचा किलोला काय भाव चाललाय?

सावर्डेकर: तुला वेल्डिंग करून द्यायला परवडेल एवढा नाही.