घसा धरला की अ‍ॅझी?

कर्वेनगरकर: सोसायटीच्या ग्रुपवर काल एका काकांचा सल्ला : "घसा धरला की अ‍ॅझी पाचशे, तीन दिवस. डॉक्टरची फी वाचते." त्यावर बावीस अंगठे! अहो, घसा बहुतेक वेळा व्हायरसनं धरतो, अ‍ॅझी म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन, बॅक्टेरियावरचं अँटिबायोटिक, ते व्हायरसला काय करणार? पोटातले जंतू मात्र फुकटात त्या गोळीला सरावतात, आणि उद्या टायफॉइड झाला की हीच गोळी लागते. 'डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका' सांगणारी पट्टीवरची लाल रेघ काय शोभेला आहे? आणि मेडिकलवाले देतात कशी?

मेडिकलवाला_बिबवेवाडी: आलं आमच्यावर! २०१४ पासून एच-वनचं, म्हणजे जपून विकायच्या औषधांच्या सरकारी यादीचं, वेगळं रजिस्टर भरतोय. डॉक्टर कोण, पेशंट कोण, गोळ्या किती. तीन वर्षं जपायचं. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक "तुमचं जरा जास्तच" म्हणून चार दुकानं पुढे जातं. आणि पहिल्याच दिवशी सेफिक्झिमसारखं त्या यादीतलं अँटिबायोटिक लिहिणाऱ्या डॉक्टरांना कोण विचारतं?

धायरीची_माई: आधी तुमची कात्री आवरा. परवा सहा गोळ्या कापून दिल्या एकानं, एक्स्पायरी राहिली त्याच्याकडच्या तुकड्यावर.

मेडिकलवाला_बिबवेवाडी: अख्खी पट्टी घ्या म्हटलं की "लुटता".

धायरीची_माई: लुटताच! डोस सहाचा, पट्टी दहाची. उरलेल्या चार डब्यात पडतात, मग असले काका त्या वाटत फिरतात.

थकलेला_एमबीबीएस: विषय कात्रीचा नाहीये. पोराला कालपासून ताप, आई म्हणते "उद्या ऑफिस आहे, स्ट्राँग द्या." नाही दिलं तर शेजारच्या दवाखान्यात. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीहून आरोग्य खात्याचं पत्र आलं, अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहा. बाहेर चाळीस जण बसलेत, या आणि लिहा! कबूल करतो, एकाच कागदावर 'व्हायरल' आणि खाली अ‍ॅझी असं मीही लिहिलंय.

कर्वेनगरकर: धन्य! खरं बोललात एवढंच पुण्य. माझ्या वडिलांच्या लघवीच्या कल्चरचा (जंतूवर कोणतं औषध चालतं त्या तपासणीचा) रिपोर्ट अजून फाइलमध्ये आहे. वरपासून खालपर्यंत आर, आर, आर, म्हणजे औषध चालत नाही. दोनच औषधांपुढे एस, म्हणजे चालतं, तीही किडनी सांभाळत, सलाइनमधून. अकरा दिवस आयसीयू. काकांची फी वाचली, आमची एफडी मोडली.

पिंपरीवाला: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण सगळं खापर एका काकांवर कशाला? कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन, म्हणजे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं अँटिबायोटिक, घालत होते, बंदी आली २०१९ ला. सासरे एच.ए.त, म्हणजे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात, पेनिसिलिनच्या कामावर होते, ते तर...

थकलेला_एमबीबीएस: आता कोंबड्या. चालू द्या.

धायरीची_माई: सासरे राहू देत. माझ्या सहा गोळ्यांची एक्स्पायरी कोण सांगणार?

मेडिकलवाला_बिबवेवाडी: बिलावर असते, माई.

धायरीची_माई: बिल मागितलं तर म्हणाला, प्रिंटर बंद आहे.