मदत हवी आहे: सडबरीतल्या फ्रेंच भाषक वृद्ध रुग्णांसाठी

नमस्कार मंडळी,

मी कॅनडात, उत्तर ऑन्टारिओतल्या सडबरीला वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात नर्स आहे. निकेलच्या खाणींत आणि लाकूडतोडीत पिढ्यान्पिढ्या राबलेली फ्रेंच भाषक कुटुंबं इथे पुष्कळ आहेत. कामावर जन्मभर इंग्रजी बोललेली ही माणसं. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) वाढला की नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी जाते, मायबोली तेवढी उरते.

आमच्याकडचे एक आजोबा "दुखतंय का?" असं इंग्रजीत विचारलं की नुसते हसायचे. तक्त्यात वेदना शून्य. कूस बदलायला गेलं की मात्र हात उगारायचे, म्हणून शांत ठेवायच्या गोळ्यांची चर्चा सुरू झाली. मग सफाईकाम करणाऱ्या फ्रेंच भाषक ताई सहज त्यांच्याशी बोलल्या, तर आजोबांनी खुब्यावर हात ठेवला आणि बोलतच सुटले. एक्स-रेमध्ये हाडाला चीर निघाली. हा माणूस इतके दिवस ते दुखणं सोसत पडून होता! मला अजून झोप लागत नाही.

ऑन्टारिओत 1986 चा फ्रेंच सेवा कायदा आहे, पण तो प्रांतिक सरकारी कार्यालयांना आणि खास नेमलेल्या संस्थांना लागू होतो. आमचं केंद्र त्यांत नाही. ओटावाचं फ्रेंच भाषकांचं मोंफोर रुग्णालय 1997 मध्ये मोडीत निघत होतं, ते फ्रेंच भाषक नेत्या झिझेल लालोंद यांच्या पुढाकाराने लोक रस्त्यावर उतरले आणि पुढे कोर्टातही लढले म्हणून टिकलं. पण आमच्या आजोबांना ते इथून कितीसं उपयोगी?

व्यवस्थापनाशी लवकरच बैठक आहे. न्यू ब्रन्सविक किंवा माँट्रियलकडे, जिथे फ्रेंच भाषक पुष्कळ आहेत, काम करणारं कुणी इथे असेल तर कृपया सांगा: दाखल करतानाच रुग्णाची भाषा विचारून ती फाइलवर ठळक नोंदवता का? प्रत्येक पाळीत एक तरी फ्रेंच बोलणारी व्यक्ती राहील असं वेळापत्रक कसं बसवता? रात्री फोनवरच्या दुभाष्याचा उपयोग होतो का? ऐकायला कमी येणाऱ्यांचं मला अवघड वाटतं. नातवंडांना दुभाषी करणं मला पटत नाही. आजोबा लघवीच्या तक्रारी नातीसमोर कशा सांगणार?

आणि माझ्यासाठी: पुण्यात शिकलेलं फ्रेंच इथल्या बोलीपुढे लंगडं पडतं. रुग्णाशी बोलण्यापुरतं इथलं फ्रेंच नोकरी सांभाळून कसं शिकलात? थोडक्यात लिहिलंत तरी चालेल.