पुस्तक वाचून वर्ष उलटलं, हातात काय राहिलं? सीमाभागातल्या वाचकांचे अनुभव

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. परवा तिथं सवयी, पैसा, यश यांवरची पुस्तकं चाळत होते. बहुतेकांची पहिली पन्नास-साठ पानं हाताळून मऊ पडलेली, पुढची कोरी. म्हणून हा धागा काढतेय. पुस्तक आवडलं की नाही, ते नको. वाचून वर्ष झाल्यावर घरात, कामात त्यातलं काय टिकलं ते लिहा. टिकलं नसेल तर का, तेही लिहा.

माझं आधी सांगते. डेल कार्नेगी यांचं 'हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल' हे पुस्तक 1936 सालचं. माणसाला स्वतःचं नाव सगळ्यात गोड लागतं, हे त्यातलं मी बँकेच्या काउंटरवर 28 वर्षं पाळलं. खेड्यातून आलेल्या कन्नड आजींना पासबुक बघून नावानं हाक मारली की त्या आधी निवांत बसायच्या, मग पैशाचं बोलायच्या. वाद टाळणं हाच वाद जिंकायचा मार्ग, हे मात्र मला कधी पटलं नाही. खातेदाराचं नुकसान होत असेल तर साहेबांशी वाद घालावाच लागतो.

उद्यमबाग, मशिन शॉप

जेम्स क्लिअर यांचं 'ॲटॉमिक हॅबिट्स', 2018. रोज एक टक्का सुधारलात तर वर्षात जवळजवळ 37 पट पुढं जाल, हे गणित आमच्या शॉपमध्ये सगळ्यांच्या तोंडी होतं. 1.01 चा 365 वा घात काढला, आकडा बरोबर येतो. पण मी लेथवर असतो. आठ मिनिटांचा जॉब महिन्याभरात सातवर येतो, पुढं साडेसहावर, आणि तिथं थांबतो. त्यापुढं रेटलं की टूल जातं, नाहीतर माप जातं आणि माल रिजेक्ट होतो. त्या 37 पटीच्या नादात मी दोन महिने स्वतःवर चिडत राहिलो.

टिकलं ते दुसरंच. नवी सवय जुन्या सवयीला बांधायची. रात्री जेवून झालं की खर्च लिहायचा, असं ठरवलं. तीन आठवडे चाललं, मग तिसरी शिफ्ट लागली. रात्रीचं जेवण नक्की कुठलं, हेच कळेना, तिथं डायरी कसली! मग ते डब्याला बांधलं. शिफ्ट कुठलीही असू दे, डबा सुटतोच. डबा उघडायच्या आधी दोन ओळी खर्चाच्या. आता चौथी डायरी चालू आहे. शिफ्टवाल्यांनो, घड्याळाला काही बांधू नका.

वडगाव, घरी दोन माग

दादांचं वाचून लिहायला धीर आला. मुलीनं रॉबिन शर्मांचं पहाटे पाचला उठण्यावरचं पुस्तक आणलं होतं. माझ्या हातात बघून ती म्हणाली, "आई, तू काय वाचूलालीस? तू तर साडेचारलाच उठतीस की." खरंच आहे. पाणी यायच्या दिवशी तर चारलाच. उठायचं कुणी शिकवायला नको होतं. उठल्यावरचा वेळ आपला नसतो, आमचं अडतं ते तिथं.

त्या पुस्तकात पहिल्या तासाचे तीन भाग आहेत, वीस-वीस मिनिटांचे. व्यायाम, चिंतन, शिकणं. तास मला मिळणार नव्हता. मी फक्त शेवटची वीस मिनिटं मागून घेतली. सासूबाईंना सांगितलं, मुलीनं चहाचं काम घेतलं. त्या वेळात मी कन्नड वाचायला शिकले. बोलता येत होतं आधीपासून, पण लाईट बिल आलं की शेजारच्या पोराला हाक मारावी लागायची. मुलीची पहिलीची पुस्तकं काढली, जोडाक्षरांनी फार रडवलं. आठ महिने लागले. आता बिल मी वाचते, रेशनचा कागदही मीच वाचते. पुस्तकातल्या मोठ्या लोकांच्या गोष्टी आता आठवत नाहीत, पण ती वीस मिनिटं मी अजून कुणाला दिलेली नाहीत.

निपाणी

'रिच डॅड पुअर डॅड'. खिशात पैसा आणतं ते एका बाजूला, खिशातून काढतं ते दुसऱ्या बाजूला, एवढी यादी मी केली. पिको-फॉलचं मशीन पहिल्या बाजूला आलं, हप्त्यावरची गाडी दुसऱ्या. मी गाडी विकून दुसरं मशीन घेतलं. भावानं तेच पुस्तक वाचलं, नोकरी म्हणजे गुलामगिरी एवढंच घेतलं आणि दामदुपटीच्या एका स्कीममध्ये 80 हजार घालवले. स्कीमवाल्यांच्या सभेत याच पुस्तकातली वाक्यं ऐकवायचे, म्हणून मला ते कुणाला सुचवताना भीती वाटते.

शहापूर, हार्मोनियमची विद्यार्थिनी

एखाद्या कामात निष्णात व्हायला दहा हजार तासांचा सराव लागतो, हे माल्कम ग्लॅडवेल यांच्या 2008 च्या 'आउटलायर्स' पुस्तकातलं. तो आकडा मी भिंतीवर लिहून ठेवला होता. रोज दोन तास धरले तर पावणेचौदा वर्षं. रामभाऊ विजापुरे ज्या गावात पेटी वाजवायचे त्या गावात एवढं करायलाच हवं, असं वाटायचं. वर्षभर तास मोजले. तेव्हा गुरुजी म्हणाले, "चुकीचं बोट चारशे तास घोटलंस." नंतर मूळ अभ्यासाबद्दल वाचलं. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा, बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरचा. दहा हजार ही तिथल्या उत्तम विद्यार्थ्यांची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, पार करायची रेषा नव्हे. एरिक्सन यांचा भर चुका दाखवणाऱ्या शिक्षकावर आणि नेमक्या सरावावर होता. भिंतीवरचा आकडा पुसला. आता एका वेळी एकच पलटा, म्हणजे सरावाची एकच स्वररचना.

चिकोडी, पदवी कॉलेज

माणूस निर्णय कसे घेतो यावरचं डॅनिअल कानेमान यांचं 2011 चं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' मी दरवर्षी शिकवतो. त्यातल्या प्राइमिंगच्या, म्हणजे आधी दिसलेल्या शब्दा-चित्रांनी नकळत वागणं बदलतं या कल्पनेच्या, प्रकरणातले बरेच प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर टिकले नाहीत. छोट्या नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण जास्त विश्वास टाकला, असं त्यांनी 2017 मध्ये स्वतः मान्य केलं. मुलांना मी आधी ते सांगतो, मग पुस्तक देतो.

खानापूर तालुका, प्राथमिक शिक्षिका

मला भाषेचं बोलायचंय. ही पुस्तकं मी मराठीत वाचते. पुष्कळ अनुवादांत वाक्य मराठी असतं, पण बोलणारा माणूस आपल्यातला वाटत नाही. कन्नड शाळेत शिकून घरी मराठी बोलणाऱ्या आमच्या मुलांना असं पुस्तक तिसऱ्याच भाषेतलं वाटतं. कलामांचं 'अग्निपंख' तसं नाही. तो अनुवाद आपल्या बेळगावच्या माधुरी शानभाग यांचा. सातवीच्या वर्गात रोज दोन पानं मोठ्यानं वाचली, एकही मूल उठलं नाही. पुस्तक संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "बाई, रामेश्वरमला लोंढ्याहून गाडी आहे का ओ?" आम्ही दोघी वेळापत्रक घेऊन बसलोय.