मदत हवी आहे: चांगली माचा पावडर कशी ओळखायची? (गुरुवारच्या आत सांगा)

मृण्मयी_के
ऑनलाइन मागवलेलं माचाचं (दळलेल्या जपानी ग्रीन टीचं) पाकीट कडूजहर निघालं. रंग तर मेंदीच्या भुकटीसारखा. वर छापलंय 'सेरेमोनियल ग्रेड', म्हणजे चहासमारंभाच्या दर्जाचा! मावसभाऊ गुरुवारी जपानहून निघतोय, त्याला काय आणायला सांगू? प्लीज लांबण न लावता नाव सांगा.

कटिंगचहा
दुधात घालणार की नुसत्या पाण्यात? बजेट किती? हे न सांगता नाव कसं सांगणार?

मृण्मयी_के
चहा म्हणूनच प्यायचाय, अजून कशाला? बजेट दीडेक हजार.

हिरवाई
माचाच कशाला पण? शेवग्याच्या पाल्याची पावडर घ्या. लोह, कॅल्शियम सगळं मिळतं आणि घरच्या घरी होते. पाला सावलीत वाळवायचा, मिक्सरमधून काढायचा, वस्त्रगाळ करायचा.

कटिंगचहा
@हिरवाई, शेवगा उत्तमच, पण त्यात कॅफिन नाही नि चहाची चवही नाही. तिने विचारलंय काय!

नागोयाकर
मृण्मयी, 'सेरेमोनियल' बघून काही घेऊ नका. त्याला जपानात कायद्याची व्याख्या नाही, कोणीही छापतं. पाकिटाची मागची बाजू वाचा. साखर किंवा दूध पावडर दिसली तर ते 'लाटे' या दुधाच्या पेयाचं तयार मिश्रण. मग गाव बघा: क्योतोजवळचं उजी, आमच्याकडचं निशिओ, फुकुओकाचं यामे, नाहीतर कागोशिमा.

चांगला माचा महाग का, तेही सांगतो. खुडणीआधी साधारण 3 आठवडे झाडांवर आच्छादन घालतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं आणि चवीला गोडसर करणारं थिअनिन टिकून राहतं. उन्हात त्याचंच कॅटेचिन होतं, ते तुरट-कडू. पानं वाफवून, न वळता वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात आणि मग दळतात. दगडी जात्यावर तासाला जेमतेम 40 ग्रॅम निघतो. फार स्वस्त मिळाला तर बहुतेक वेळा साधा ग्रीन टी दळलेला असतो.

घरी तपासायचं तर चिमूटभर पावडर पांढऱ्या कागदावर टाकून बोटाने ओढा. बारीक दळलेल्या चांगल्या मालाचा लांब, सलग, गर्द हिरवा पट्टा उमटतो. भरड मालाचा पट्टा तुटक येतो, पिवळट दिसतो.

सुमेधाताई
जेवणासोबत पिऊ नकोस हं. चहाने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर दोन तासांचं अंतर ठेव.

मृण्मयी_के
धन्यवाद ताई, पण हिमोग्लोबिन ठीक आहे. पावडरचं नाव??

कटिंगचहा
पाणी किती गरम घेतेस?

मृण्मयी_के
उकळतं. चहाच आहे ना.

कटिंगचहा
निम्मा कडूपणा तिथूनच येतोय. 70-80 अंश पुरे. उकळी आली की दुसऱ्या भांड्यात ओत, थोडं थांब. 2 ग्रॅम पावडर चाळून घे, पाणी 70 मिली. आणि ताकाच्या छोट्या रवीने घुसळ, महागडी चासेन (माचा घुसळायची बांबूची जपानी रवी) लागत नाही.

नागोयाकर
रवीला मी तयार नाही. वाडग्याच्या तळाला पावडर बसते, गुठळ्या राहतात. चासेन नको असेल तर कॉफीचा बॅटरीवाला फेटक चालेल. आणि रंग काही गरम पाण्याने जात नाही. मेंदीचा रंग म्हणजे माल जुना, नाहीतर उन्हात वाढलेली पानं.

अप्पा_सांगली
फ्रीजमध्ये ठेवू नका. आमचा डबा पावसाळ्यात दमट होऊन दगड झाला.

नागोयाकर
अप्पा, बंद डबा फ्रीजमध्येच राहायला हवा. बाहेर काढला की लगेच उघडायचा नाही, खोलीइतका कोमट होऊ द्यायचा. गार डबा उघडला की आत दव धरतं, तिथे दगड होतो. उघडल्यावर महिनाभरात संपवा. म्हणून 20-30 ग्रॅमचाच डबा घ्या, 100 चा नको.

मृण्मयी_के
भाऊ ओसाकाला आहे.

नागोयाकर
अहो, हे आधी सांगायचं ना! उजी तिथून ट्रेनने तासाभरावर. तिथलं मारुक्यू कोयामाएन, नाहीतर क्योतो शहरातलं इप्पोदो, चहाच्या दोन्ही पेढ्या खात्रीच्या. पण 2024 च्या शेवटी मागणी इतकी वाढली की दोघांनीही ग्राहकामागे खरेदीवर मर्यादा घातली होती. त्यामुळे भावाला दुकान उघडतानाच जायला सांगा, नुसता प्यायचा आहे असं सांगून मागू दे. दुकानातली माणसंच बजेटमधला डबा देतील. खाली छापलेली मुदत नक्की बघायची.

कटिंगचहा
आणि दुधात घालायचा असेल तर इतका महाग कशाला? दुधात नाजूक चव दबूनच जाते, जरा कडक माल बरा.

मृण्मयी_के
भावाला निरोप दिला. उरलेल्या कडू पाकिटाचं काय करू?

सुमेधाताई
चक्क्यात घाल. चमचाभर माचा, साखर जरा सढळ. कडूपणा लागत नाही, फक्त वेलची घालू नकोस, वासाची मारामारी होते.

हिरवाई
शेवग्याची पावडर मात्र श्रीखंडात नको हं, थालीपिठात घाला.