मदत हवी आहे: वडिलांना अँटवर्पचा जुना छापखाना दाखवायचाय, गुडघ्यांचं काय करू? (गेंट की ब्रुज हेही सांगा)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको आणि आई-बाबा, बहिणीकडे रॉटरडॅमला जातोय. तिथून तीन दिवस बेल्जियमच्या फ्लेमिश भागात जायचा विचार आहे आणि त्याचं कारण एकच, बाबांना अँटवर्पचं प्लान्टिन-मोरेटस म्युझियम बघायचंय. बाबा ७४ वर्षांचे आहेत. कोल्हापुरात एका छापखान्यात ३१ वर्षं कंपोझिटर होते, म्हणजे छपाईसाठी धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. आपल्या देवनागरीची केस, म्हणजे खिळे ठेवायचा खणांचा ट्रे, त्यात काना-मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो घरं, पण बाबांचा हात न बघता बरोबर त्या घरात जायचा आणि उलटा मजकूर ते आपण सुलटा वाचतो तेवढ्याच वेगानं वाचायचे. निवृत्त होताना मालकांनी त्यांना ‘श्री’चा एक खिळा दिला, तो अजून देवघरात आहे आणि दर दसऱ्याला बाबा त्याला गंध-फूल वाहतात.

मागच्या दिवाळीत मी त्यांना सहज सांगितलं की अँटवर्पला १६ व्या शतकातला अख्खा छापखाना जसाच्या तसा ठेवलाय, जगातले सगळ्यात जुने दोन छपाईचे प्रेस तिथे उभे आहेत, गारामों या फ्रेंच अक्षरकाराच्या अक्षरांचे साचे आहेत, आणि गोव्यात १५६३ मध्ये छापलेलं गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींचं पुस्तक चारच वर्षांत लॅटिनमध्ये छापलं ते या छापखान्याचा मालक प्लान्टिन यानंच. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्याकडची हळद-मिरी तिथल्या जुळाऱ्यानं जुळवली." तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तरी विषय निघतोच.

आता अडचण. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेत, एकाचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर काठी घेऊन अर्धा-पाऊण तास चालतात पण जिना म्हटलं की घाम फुटतो. दोन वर्षांपूर्वी एका टूरबरोबर त्यांना राजस्थानला नेलं होतं, किल्ल्याच्या पायऱ्यांवर ते अर्ध्यात बसले आणि गाइड ग्रुप घेऊन वर निघून गेला. मी त्यांच्याजवळ थांबलो, पण "माझ्यामुळे तुझंही राहिलं" हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की ते पुन्हा होऊ द्यायचं नाही असं मी ठरवलंय. म्हणून या वेळी ग्रुप नाही, आपलं आपण.

सध्याचा बेत असा: रविवारी दुपारी ट्रेननं अँटवर्प, सोमवारी सकाळी म्युझियम, दुपारी कॅथेड्रलमधली चित्रकार रूबेन्सची मोठी चित्रं आणि जमलं तर रूबेन्सचं घर, मंगळवारी गेंट किंवा ब्रुज, बुधवारी परत. बायकोला गेंटला चित्रकार व्हॅन आइक बंधूंचं १४३२ चं चर्चमधलं वेदीचित्र बघायचंय, आईला ब्रुजमधली मायकेलअँजेलोची मेरी आणि बाळ ही मूर्ती. दोन्ही एका दिवसात बसवायचं म्हटलं तर बाबांची दमछाक होईल असं मला वाटतं, बरोबर ना?

कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलं असेल तर सांगा, प्लान्टिनच्या घरात जिने किती चढावे लागतात, प्रेस कुठल्या मजल्यावर आहेत, आणि दगडी फरसबंदीवर व्हीलचेअर ढकलता येते का. बाबांनी बाकी काही नाही बघितलं तरी चालेल पण त्या प्रेससमोर त्यांना निवांत उभं राहता आलं पाहिजे, मागून कुणी घाई करणारं नको.

प्रतिसाद

सगळ्यात आधी सोमवार बदला! प्लान्टिन सोमवारी बंद असतं. सोमवारी गेंट करा, मंगळवारी सकाळी दार उघडताच प्लान्टिन, तेव्हा गर्दी कमी असते.

छपाईची खोली तळमजल्यावर आहे, अक्षरांच्या केसेस आणि प्रूफरीडरांची खोलीही खालीच. खिडकीजवळ ओकचं मोठं जुनं टेबल आहे, बाबांना तिथे नक्की थांबवा. अक्षरं ओतायची जागा वर आहे, तिथे लाकडी जिना. खालीही मधे एखाद-दोन पायऱ्या लागतात, त्यामुळे म्युझियमला आधीच मेल टाकून व्हीलचेअरचं विचारा आणि त्याच मेलमध्ये ओर्ताच्या पुस्तकाबद्दलही लिहा, प्रत बाहेर मांडलेली नसेल तर आधी सांगितलेलं बरं. आणि बाबा कंपोझिटर होते हे जरूर लिहा.

रूबेन्सचं घर २०२३ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, ते यादीतून काढा. कॅथेड्रलमधली चित्रं मात्र चुकवू नका, समोर खुर्च्यांवर बसून बघता येतात.

गेंट की ब्रुज, तर तुमच्यासाठी गेंट. सेंट निकोलस चर्च, घंटाघर आणि सेंट बाव्होचं कॅथेड्रल एका ओळीत आहेत, फार चालावं लागत नाही. वेदीचित्राचं तिकीट वेळेप्रमाणे मिळतं, घरूनच काढा, तिथे लिफ्ट आहे. त्यातली एक फळी १९३४ मध्ये चोरीला गेली ती आजपर्यंत सापडलेली नाही, तिच्या जागी नक्कल लावलीय, वहिनींना आधी सांगू नका, ओळखू येते का बघा. ब्रुजच्या घंटाघराला ३६६ पायऱ्या आणि लिफ्ट नाही, पण आईंची मूर्ती चर्चमध्ये खालीच आहे, म्हणजे बुधवारी परतायच्या आधी तुम्ही आणि आई दोघंच सकाळी लवकर जाऊन येऊ शकता. फरसबंदीवर व्हीलचेअर चालते पण धक्के बसतात, जाड उशी न्या.

धागाकर्ता

खूप खूप आभार, सोमवारचं कळलं नसतं तर बाबांना बंद दारासमोर उभं केलं असतं. मेल आजच टाकतो. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यांनी एकच विचारलं, ‘श्री’चा खिळा बरोबर घेतला तर विमानतळावर अडवतील का? धातूचा आहे, करंगळीच्या पेराएवढा. कुणाला माहीत असेल तर सांगा.