अ-३०२ ची मोटारसायकल आणि रविवारचे पाहुणे

ब-१०४ (सकाळी ७.१२) : सर्वांना नमस्कार. अ-३०२ च्या काकांनी काल याच ग्रुपवर गाडी विकण्याच्या जाहिरातीत 'गाडी चकाचक, हाफ किक स्टार्ट' असे लिहिले होते. परंतु आज पहाटे साडेपाचला माझ्या खिडकीखाली त्याच गाडीला मारलेल्या एकवीस किका मी अंथरुणातून मोजल्या. माझा मावसभाऊ माझ्या शब्दावर रविवारी गंगाखेडहून गाडी पाहायला येतो आहे. त्याला काय सांगू?

अ-३०२ : ताई, गाडी २०१४ ची, कार्ब्युरेटरची आहे. थंडीत चोक ओढावाच लागतो. प्लग बदलला, कार्ब्युरेटर दोनदा साफ केला, बॅटरी नवी टाकली. आणखी काय करावे?

क-२०१ : काका, म्हणजे एवढा खर्च करूनही दोष सापडलेला नाही. व्हॉल्व्हची फट तपासून घेतली का? ती कमी झाली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळते आणि सकाळी इंजिन उठत नाही.

ड-४०३ : गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या अर्ज क्रमांक २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय गाडी देऊ नये. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते.

अ-१०१ : जगात जर्मनी, भारतात परभणी आणि सोसायटीत काकांची किक! गेटपर्यंत धक्का मारणाऱ्यांना कमिशन मिळणार का?

अ-३०२ : थट्टा करणाऱ्यांनी आपल्या स्कूटरचे पार्किंगमध्ये सांडलेले ऑइल आधी पुसावे.

अ-१०१ : ते ऑइल माझे नाही, हे मी गणपतीच्या बैठकीतच सांगितले होते.

ड-४०३ : पुन्हा सांगतो, अर्ज २९ व ३०. गाडी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे.

क-३०३ (वकील) : करार कायद्यात नुसते गप्प बसणे ही सहसा फसवणूक ठरत नाही; परंतु माहीत असलेला दोष झाकून 'हाफ किक' असे लिहिणे १८७२ च्या त्या कायद्याच्या कलम १७ मध्ये बसू शकते.

ब-१०४ : माझी एवढीच विनंती आहे, की रविवारी पाहुणे येण्याआधी गाडी तापवून ठेवू नये. सायलेन्सरला हात लावून पाहायला मी त्याला सांगितले आहे.

अ-३०२ : तुमच्या धाकट्याला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेले, तेव्हा हीच गाडी एका किकेत निघाली होती, ताई.

ब-१०४ : ते विसरले नाही, काका. त्या भरवशावरच तर भावाला बोलावले होते.

सचिव : हे घरी बसून बोलता आले असते.

अ-३०२ (रात्री ९.४०) : जाहिरात बदलली आहे. 'सकाळी थंड असताना सुरू होण्यास त्रास, कारण सापडलेले नाही, किंमत तीन हजारांनी कमी.' रविवारी गाडी थंडच असेल. चोक डाव्या हाताला आहे, एवढे पाहुण्यांना सांगून ठेवावे.