आधी टेप विहिरीत सोडा

भूजल आणि धरणसाठ्याचे आकडे दाखवणारा ऑनलाइन डॅशबोर्ड गावकऱ्यांना कळत नाही म्हणून प्रशिक्षणाचे तास वाढवा, असं काही जण सुचवतात. मला वाटतं, तासांपेक्षा सुरुवात कुठून करतो हे महत्त्वाचं.

अटल भूजल योजनेतल्या (गावाच्या सहभागातून भूजल सांभाळण्याची सरकारी योजना) एका गावात पडद्यावर निरीक्षण विहिरीचे, म्हणजे जिची पाणीपातळी नियमित मोजतात त्या विहिरीचे, आकडे लावले होते: ऑक्टोबरात ४, मे महिन्यात ११. एक ताई म्हणाल्या, "उन्हाळ्यात पाणी वाढलं की!" आकडा जमिनीपासून पाण्यापर्यंतच्या खोलीचा, मीटरमध्ये, तो वाढला म्हणजे पाणी खाली गेलं. हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग सगळे विहिरीवर गेलो. टेपला वजन बांधून आत सोडली, ओल कुठवर आली ते पाहिलं, कठड्याची उंची वजा केली. परत आल्यावर त्याच ताईंनी बाकीच्यांना आलेख समजावला.

धरणसाठ्याचंही तेच. डॅशबोर्डच्या एका पानावर टीएमसी (अब्ज घनफूट), दुसऱ्यावर दशलक्ष घनमीटर. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर, एवढं तरी भिंतीवर लिहून ठेवा.

आणि प्रशिक्षण मार्चअखेरीस नको. ऑक्टोबरात घ्या, रब्बीत हरभरा की गहू हे ठरायच्या आत. तेव्हा शेतकरी स्वतःहून आकडा विचारतो.